नव्वद दिवसांचा कोबी

आत्या नेमकी कुणाची आत्या, हे गल्लीतल्या अर्ध्या लोकांना ठाऊक नव्हतं. भाच्याने बोबड्या बोलात हाक मारायला सुरुवात केली, ती दूधवाल्याने उचलली, शेजारच्या शिंप्याने उचलली, आणि चाळिशीच्या आतच ती सगळ्या गल्लीची आत्या होऊन बसली. लग्नानंतर दोन वर्षांतच नवरा गेला. तेव्हा एक बॅग घेऊन ती धाकट्या भावाकडे आली, ती तिथलीच झाली. भावाने ये म्हटलं होतं. किती दिवसांसाठी, हे त्याने सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

नोकरी औषधांच्या कारखान्यात, पॅकिंग खात्यात. खोक्यांवर बॅच नंबर, तयार केल्याची तारीख आणि मुदत संपण्याची तारीख छापायची, छापलेली तपासायची. निवृत्तीपर्यंत एकतीस वर्षं हेच. त्यामुळे तिच्या डोक्यात जगातल्या प्रत्येक वस्तूला एक मुदत असे. भाऊ म्हणायचा, ताईला मोकळं सोडलं तर ती पाहुण्यांच्या कपाळावरही शिक्का मारेल. यावर सगळ्यात मोठ्याने आत्याच हसायची.

घरामागची जागा तेव्हा जागा म्हणण्यासारखी नव्हती. बांधकामातले विटांचे तुकडे, घट्ट झालेल्या सिमेंटचे गोळे, मोडकी संडासाची भांडी. आत्याने कामावरून आल्यावर रोज एक घमेलं राडारोडा बाहेर काढला. कारखान्यातले फाटके पुठ्ठे आणून भिजवले, स्वयंपाकघरातली सालं पुरली, सुताराकडचा भुसा आणला, तबेल्यातलं शेण आणलं. शेणाच्या वासावरून भावजयीने आठ दिवस अबोला धरला होता. पण बारा वर्षांनी त्या मातीत कुदळ लोण्यात सुरी जावी तशी जाऊ लागली, आणि घरात भाजी विकत आणणं जवळजवळ थांबलं. मग भावजय पाहुण्यांना ‘आमच्या बागेतली’ म्हणून वांगी दाखवू लागली.

पावसाळा सरून पुन्हा ऊन तापू लागलं की लोकांच्या बागा दमतात. टोमॅटोची पानं पिवळी पडतात, काकडीचे वेल वाळतात, आणि माणसंही कंटाळून पाइप गुंडाळून ठेवतात. आत्याचा खरा हंगाम मात्र तेव्हा सुरू व्हायचा. ती कॅलेंडर घेऊन बसायची आणि पहिल्या कडक थंडीपासून उलटं मोजत यायची. कोबीची रोपं लावल्यापासून नव्वद दिवस. गाजर ऐंशी. बीट साठ. पालक चाळीस. मुळा अठ्ठावीस, त्याचं काय, तो तर घरजावयासारखा, आज आला आणि उद्या जेवायला बसला.

या वर्षीही कोबीची रोपं ट्रेमध्ये पाच आठवड्यांची झाली होती. गाजराचं बी पेरून वाफ्यावर ओलं गोणपाट अंथरलं होतं. उन्हात वरची माती पापडासारखी होते आणि बी आतल्या आत भाजून जातं, म्हणून हे पांघरूण. पाचव्या दिवसापासून ते रोज उचलून बघायचं. हिरवं टोक दिसलं की लगेच काढायचं, एक दिवस जरी उशीर झाला तरी अंकुर पांढऱ्या दोऱ्यासारखे लोळतात.

असं सगळं चाललेलं असताना एका सकाळी, चहा घेता घेता, भावजयीने विचारलं की यंदा काय काय लावणार. आत्याच्या भुवया वर गेल्या. पंचवीस वर्षांत भावजयीने चिरण्यापलीकडे भाजीची चौकशी केली नव्हती.

“कोबी,” आत्या म्हणाली. “नव्वद दिवसांचा.”

“नव्वद म्हणजे फार झाले, वन्सं. दुसरं काही लावा ना.”

गाजर ऐंशी दिवसांचं, हे ऐकून भावजयीने नवऱ्याकडे पाहिलं. तो पेपरात तोंड घालून बसला होता, पण पान उलटत नव्हता. बीट साठ दिवसांत येतं म्हटल्यावर मात्र तिचा चेहरा खुलला. “मग बीटच लावा. रक्तालाही चांगलं असतं.”

आत्याने कप विसळला आणि ती मागच्या पायरीवर जाऊन बसली. साठ चालतात, ऐंशी चालत नाहीत. म्हणजे कशाची तरी तारीख या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. मग एकेक गोष्ट तिला दिसू लागली. माळ्यावरच्या ट्रंका महिनाभरापूर्वी खाली उतरल्या होत्या, वाळवी बघायला म्हणून. टेप घेऊन आलेले दोन गृहस्थ गटाराची पाहणी करतात असं तिला सांगितलं होतं. गटार बघणाऱ्याला झोपायच्या खोलीची उंची कशाला लागते, हा प्रश्न तिला तेव्हा पडला नव्हता. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका पकडून पगार घेतलेली बाई, आणि स्वतःच्या घरात आंधळी.

तरी संध्याकाळी ऊन उतरल्यावर तिने रोपं लावायला घेतलीच. तीन ओळी, ओळीत आठ. दोन वितींवर एक खड्डा, आधी खड्ड्यात पाणी, ते मुरलं की रोप, मग बोटांनी माती दाबायची. इतकी दाबायची की पान धरून ओढलं तर पान तुटावं, रोप हलू नये.

भाऊ तांब्या घेऊन आला. मदतीला. आजवर तो या बाजूला फक्त सिगरेट ओढायला यायचा.

“कधी जायचंय?” आत्याने वर न बघता विचारलं.

त्याने तांब्या खाली ठेवला. मग बोलायला लागला तो थांबेना. घर विकलं होतं. सत्तर दिवसांनी ताबा. मुलाच्या गावात चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता, लिफ्ट होती, दवाखाना जवळ होता. मुलाने हॉलमध्ये आत्यासाठी दिवाणसुद्धा बघून ठेवला होता, आणि गॅलरीत चार-पाच कुंड्या आरामात राहतील असं तो म्हणत होता. हे सगळं पावसाळा लागायच्या आधीच ठरलं होतं. शिंप्याला माहीत होतं. दूधवाल्याला माहीत होतं.

“आणि मी बी पेरत होते.”

“तुझा जीव रमला होता, ताई. म्हटलं, रमू दे.”

तिने चोविसावं रोप लावलं, हात पुसले आणि घरात गेली. जेवताना भावजयीने मीठ हवंय का विचारलं, तिने नको म्हटलं. एवढंच बोलणं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या बागेत गेली नाही. नव्या रोपांवर पहिले चार दिवस जुन्या चादरीची सावली धरावी लागते, ती तिने धरली नाही. पाणी घातलं नाही. मागच्या खोलीच्या खिडकीशी खुर्ची ओढून ती बसून राहिली.

घरात कुजबुज झाली. भाऊ दोनदा खोलीच्या दारापर्यंत येऊन परत गेला. अकराच्या सुमाराला रोपांनी माना टाकल्या, बारापर्यंत पानं जमिनीला टेकली. तेव्हा भाऊ डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आला. भिंतीकडेला लांबलचक काळा रबरी पाइप पसरलेला होता, सकाळपासून उन्हात. तो पाइप त्याने उचलला.

आत्या उठून उभी राहिली. उन्हात पडलेल्या पाइपातलं पाणी चहाच्या आधणासारखं तापलेलं असतं. ते आधी बाजूला सोडून द्यायचं, हाताला गार लागलं की मगच रोपाला दाखवायचं. तो तर नळ बारीक सोडून सरळ पहिल्या ओळीवर गेला. एकेका रोपाच्या मुळाशी आणि पानांवर, अगदी मायेने, तोंडाने काहीतरी पुटपुटत. खिडकी उघडी होती. एक शब्द पुरला असता. आत्याने गज धरले आणि तोंड मिटून ती बघत राहिली. पहिली ओळ झाली, दुसरी झाली.

“बघा वन्सं,” भावजय स्वयंपाकघरातून म्हणाली, “शेवटी भाऊच धावून आला की नाही?”

तिसऱ्या ओळीत दोन रोपं झाली आणि नळाचं पाणीच गेलं. भाऊ तरीही खूश होता.

संध्याकाळी अठरा रोपं उकडलेल्या पाल्यासारखी काळपट होऊन मातीला चिकटली होती. भाऊ उकिडवा बसून एकेक पान उचलत होता. आत्या बाहेर आली तेव्हा त्याने पाइपाकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“तू खिडकीत होतीस.”

“होते.”

“मग सांगायचंस ना, ताई.”

आपण काय बोललो हे त्याला उमगायला थोडा वेळ लागला. उमगलं तेव्हा त्याने मान खाली घातली आणि तो एकदम म्हातारा दिसू लागला. आत्याला त्याची दया यायला हवी होती. ती आली नाही.

शेवटच्या ओळीत पाणी न पोचलेली सहा रोपं संध्याकाळच्या गारव्याने मान वर काढत होती. आत्या वाकली आणि एकेक करून, मुळांची माती झटकत, तिने तीही उपटून मेलेल्या रोपांवर टाकली.