शेवटच्या पानापासून

माझ्या आत्याच्या यजमानांनी आयुष्यात एकही कागद पहिल्या पानापासून वाचलेला नाही. आम्ही त्यांना आतोबा म्हणतो. सबरजिस्ट्रार ऑफिसच्या बाहेर एका बाकावर बसून त्यांनी चाळीस वर्षं लोकांची खरेदीखतं लिहिली आणि त्यातून ते एकच शहाणपण घेऊन घरी आले: गोम असते ती शेवटी. त्यामुळे लग्नपत्रिका आली की ते आधी छापखान्याचं नाव वाचतात, मग जेवणाची वेळ, मग मंडप, आणि नवरा-नवरी कोण हे कळेपर्यंत कॉफी थंड झालेली असते. म्हणून आत्या त्यांची कॉफी संपेपर्यंत पेपर तांदळाच्या डब्यामागे लपवून ठेवते. "लग्नात सुद्धा यांनी आधी माझे पाय पाहिले," ती म्हणते, "तोंडापर्यंत यायला मुहूर्त टळायची वेळ झाली होती." मोठ्या देवळात गेले तरी दर्शन राहतं बाजूला. भिंतीवरचा शिलालेख कुठे संपतो ते शोधत हे पायथ्याशी वाकून वाकून चालत असतात. त्यातलं एकही अक्षर त्यांना वाचता येत नाही. पण शेवट सापडल्याशिवाय सुरुवात करायची नाही, हा त्यांचा नियम आहे.

दुसरी सवय याहून त्रासाची. खत सहीपूर्वी मोठ्याने वाचायचं आणि सही करणाऱ्याने ते आपल्या शब्दांत परत सांगायचं, असा त्यांच्या बाकावरचा रिवाज होता. बाक सुटला, रिवाज घरी आला. शिंपी, दूधवाला, ऑटोवाला, कुणाचीही सुटका नाही. आत्याच्या ब्लाउजची मापं शिंप्याकडून दोनदा वदवून घेतल्यावर ते त्याला तमिळमध्ये विचारतात, "पुरिंजुदा?" कळलं का? शिंप्याने "पुरिंजुदु" म्हटल्याशिवाय कापड त्यांच्या काखेतून सुटत नाही. एकदा एका कंडक्टरने वैतागून त्यांना तंजावूर ते पापनाशमचे सगळे स्टॉप उलटे म्हणून दाखवले. आतोबा इतके खूश झाले, की उतरताना त्याचा हात हातात घेऊन उभे राहिले आणि बस चार मिनिटं खोळंबली.

माझे अम्मा-अप्पा पापनाशमला असतात. मी शिकायला आणि नंतर एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी करायला तंजावूरला आत्याकडे राहिले. त्या घरात माझ्यावर सर्वांत मोठा उपकार असा होता, की आतोबा बोलत असल्यामुळे मला बोलावं लागत नसे. शाळेत हजेरीला "प्रेझेंट मिस" म्हणण्याऐवजी मी नुसता हात वर करायचे. तंजावूरकडच्या आमच्या जुन्या मराठी घरांत मराठी बोलतात, वाचत कुणी नाही. मला ही देवनागरी अक्षरं येतात ती शाळेतल्या हिंदीमुळे. लिहिताना कुणी समोर नसतं, हे मला बरं वाटतं.

गेल्या वर्षी एका एजंटमार्फत मला आखातातल्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्नॉलॉजिस्टची नोकरी मिळाली. व्हिसा तेच हॉस्पिटल काढणार होतं. मी इथला राजीनामा दिला, तिकीट काढलं, अम्माने तीन बाटल्या पुळीकाच्चल करून ठेवलं, म्हणजे भाताला लावायचा चिंचेचा घट्ट मसाला. मग अकरा पानांचं कॉन्ट्रॅक्ट आलं आणि आतोबांनी भिंग काढलं.

तीन दुपारी वाचन चाललं. तिन्ही दुपारी ते शेवटच्या, म्हणजे अकराव्या पानावरच अडले. "का गे, तुझा पासपोर्ट ते सांभाळून ठेवणार म्हणतात. का?"

"सुरक्षित राहावा म्हणून, आतोबा. सगळीकडे असंच असतं, एजंट म्हणाले."

"आत्या तुझ्या ट्रंकेची किल्ली शेजारणीला देईल का, सुरक्षित राहावी म्हणून?"

"शेजारणीला?" आत्या आतून ओरडली. "तिला मी रवी पण देत नाही."

त्याखाली व्हिसाचा कागद होता. वर माझा फोटो, खाली सगळं अरबी. मी एजंटच्या शब्दांत सांगितलं, की ती फक्त फॉर्मॅलिटी आहे. आतोबांनी कागद उलटा केला, आडवा केला, उजेडात धरला. "ह्याचा शेवटच सापडत नाही," ते म्हणाले आणि छत्री घेऊन उठले.

त्यांच्या ओळखीच्या एका अत्तरवाल्या भाईंनी वीस वर्षं आखातात काढली आहेत. आम्ही त्यांच्या दुकानात गेलो. भाईंनी बोट कागदाच्या उजव्या टोकाला ठेवलं. "रावजी, हे इथून वाचायचं. उजवीकडून डावीकडे."

आतोबांचा चेहरा असा उजळला, जणू त्यांना हरवलेलं गाव सापडलं. मला ते तमिळ पद्धतीने पापा, म्हणजे पोरी, म्हणतात. "पाहिलंस पापा? जगात शहाणी माणसं आहेत!"

पण भाईंचा चेहरा उजळला नाही. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "पापाचं शिक्षण लॅबचं ना? इथे काम लिहिलंय वीट्टु वेलै. घरकाम." मग ते हळू आवाजात माझ्याशीच बोलले. "कॉन्ट्रॅक्ट काही म्हणू दे, तिथे हा कागद चालतो. ड्युटीचे तास, रजा, पगार, कशाचीही तक्रार घेऊन गेलीस, तर आधी तूच चुकीच्या कामावर सापडशील. दुसरीकडे नोकरी धरायची तरी यांचीच परवानगी. आणि पासपोर्ट त्यांच्या कपाटात."

परत येताना आतोबांनी ऑटोवाल्याकडून रस्तासुद्धा वदवून घेतला नाही. तेव्हा मला खरी भीती वाटली. तिकीट बारा दिवसांवर होतं आणि लॅबमधल्या माझ्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसली होती.

घरी आल्यावर मी म्हटलं, "आतोबा, एजंटला तुम्ही सांगा ना."

"सही कुणाची?"

"माझी."

"मग तोंड माझं कशाला?"

मी पाच मुद्दे लिहिले. व्हिसावर माझं खरं काम हवं. पासपोर्ट माझ्याकडे राहील. ड्युटीचे तास लेखी हवेत. हे सगळं माझ्या प्रवासाआधी हवं. आणि पाचवा, नाहीतर मी येणार नाही. हा पाचवा मी लहान अक्षरांत लिहिला होता, वेळ आलीच तर म्हणून. आतोबांनी फोन स्पीकरवर लावला आणि कागद माझ्यापुढे धरला, त्यांच्या सवयीने, खालची ओळ अंगठ्याने दाखवत. एजंट "हॅलो" म्हणाला. मी घाईघाईत अंगठ्याजवळची ओळ वाचली. "मी येणार नाही."

एजंट गडबडला. "मॅडम? काय झालं मॅडम? तिकडे लॅबला माणूस नाही, तारीख दिलीय मी त्यांना!"

मला तर सुरुवात गयावया करून करायची होती. आता मागे फिरायला जागाच उरली नव्हती. मी चौथा मुद्दा वाचला, मग तिसरा, मग दुसरा. प्रत्येक ओळीबरोबर माझा आवाज थोडा मोठा होत होता, आणि एजंट प्रत्येक ओळीला "ओके मॅडम" म्हणत होता. पहिला मुद्दा वाचून झाल्यावर आतोबांनी माझ्या कोपराला ढोसलं. मी एजंटला विचारलं, "पुरिंजुदा?"

"पुरिंजुदु, मॅडम."

त्यानंतरचे नऊ दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही. दहाव्या दिवशी नवा व्हिसा आणि दुरुस्त केलेलं कॉन्ट्रॅक्ट आलं. भाईंनी बोट उजवीकडून सरकवत नेलं आणि हसले. "प्रयोगशाळा. तंत्रज्ञ." आतोबांनी ते त्यांच्याकडून तीनदा वाचून घेतलं. आत्याने सक्करै पोंगल, म्हणजे गुळाचा गोड भात केला, त्यात तूप इतकं ओतलं की चमचा उभा राहीना, आणि मी दोन महिन्यांत पहिल्यांदा दुपारी गाढ झोपले. सहीपूर्वी मी अकराही पानं माझ्या शब्दांत मोठ्याने सांगितली. स्वयंपाकघरातून आत्या म्हणाली, "अय्यो, या पोरीला आवाज आहे की!"

निघायच्या दिवशी टॅक्सी दारात आली. आतोबा खिडकीशी वाकले. "परत आलीस की आधी इकडे जेवायला ये," ते म्हणाले. मग, "पासपोर्ट उशाशी." मग, "पोचलीस की फोन." असे ते शेवटाकडून सुरुवातीकडे येत होते. आता फक्त "नीट जा" एवढंच उरलं होतं. ते त्यांना म्हणता आलं नाही. छत्रीची मूठ पुसत ते तसेच उभे राहिले, आणि मीही टॅक्सी कोपऱ्यावर वळेपर्यंत त्या दोन शब्दांची वाट पाहत मागे बघत राहिले.