नववीतली महानंदा

हे मी आजवर चारचौघांत कधी सांगितलेलं नाही. इतकी पुस्तकं लिहिली, त्यातलं एक तर चक्क आत्मचरित्र – त्यातही नाही. बाईनं स्वतःबद्दल खरं बोलावं, असं गावोगाव सांगत फिरले आणि हे एवढं गिळून बसले. आता सांगते. मऊ करून सांगणार नाही, तुम्हीही माझ्यासाठी ते मऊ करू नका.

माझं आत्मचरित्र वाचलं असेल तर अर्धी गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. आम्ही सीमाभागातल्या हुलसूरचे. अप्पांचं कापडाचं दुकान. आमच्याकडे थोरल्या भाचीवर मामाचा पहिला हक्क. माझा मामा खटकचिंचोळीचा, माझ्याहून पुष्कळ मोठा, आणि मी पाळण्यात असल्यापासून मी त्याची, हे ठरलेलं. कलबुर्गीला कॉलेजात होते तेव्हा साखरपुडाही उरकून घेतला. पत्रिका वाटून झाल्या आणि मी घरी येऊन नाही म्हणाले.

पुस्तकात पुढं एक वाक्य आहे – 'नाही म्हणा, आभाळ कोसळत नाही.' उदगीरपासून पुण्यापर्यंत मुलींनी ते वहीवर उतरवून घेतलं. एखादी हमखास विचारायची, तुम्ही नाही म्हटल्यावर पुढं काय झालं? मी हसून सांगायची, काही नाही, लग्न मोडलं. टाळ्या पडायच्या. मला त्या आवडायच्या.

त्या नकाराचा मला आजही पश्चात्ताप नाही. हे वाचून कुणी म्हणेल, बघा, हीच ती मोठी स्त्रीवादी! म्हणा की. पण माझ्या या कबुलीच्या आडून कुणी आपल्या मुलीचं 'नाही' दाबणार असेल, तर त्यानं माझ्या दारात पाऊल ठेवू नये. पुन्हा तो दिवस आला तर मी पुन्हा नाहीच म्हणेन. फक्त – तिथंच थांबेन.

त्या दिवशी थांबले नाही. तेच तर सांगायचंय.

त्याच पुस्तकाच्या सुरुवातीला मी लिहिलंय – घरात मी एकटीच मुलगी. खोटं आहे ते. मला धाकटी बहीण आहे, महानंदा. मला अप्पांनी मराठी शाळेत घातलं, तिला कन्नड. आमच्या भागात घराघरांत असं आहे. मराठी ती फाडफाड बोलते, पण मराठी पुस्तक कधी हातात धरत नाही. या भरवशावर मी तिला पुसून टाकलं. कन्नड अनुवादाची विचारणा आली की मी खुसपटं काढायची – हा अनुवादक नको, तो नको. लोकांना वाटायचं, भाषेच्या बाबतीत बाई किती काटेकोर! कसली काटेकोर? भित्री होते.

पण कलबुर्गीतल्या लोकांनीही मला वाचावं, ही हाव शेवटी सुटलीच. गेल्या वर्षी पुस्तक कन्नडमध्ये आलं. महानंदाच्या मुलीनं ते भालकीच्या कॉलेजातून घरी नेलं.

त्यानंतर मी खटकचिंचोळीला गेले. महानंदा अंगणात पेरणीसाठी तूर निवडत बसली होती. मामा जाऊन बरीच वर्षं झाली. शेत तीच बघते, गड्यांवर तीच ओरडते. मला बघून उठली नाही.

"अक्का, पुस्तक बरं लिवलीस," म्हणाली. "त्यात मी कामून न्हाई?"

काय सांगणार होते? की तुला लिहिलं असतं तर तो दिवसही लिहावा लागला असता? त्या दिवशी आमची आई, अव्वा, भिंतीला टेकून रडत होती – भावाला आता काय तोंड दाखवू? आणि तेव्हा अव्वा नाही, अप्पा नाही – मी बोलले. "महानंदा हाय की. तिला द्या."

मी म्हणाले. माझी सुटका पक्की व्हावी म्हणून. त्याच पत्रिका, तोच मांडव. ती तेव्हा नववीत होती.

मला वाटायचं, तिला वाटतंय अप्पांनीच ठरवलं. त्या अंगणात पहिल्यांदा तिला खरं सांगितलं. ती सुपातले खडे वेचत राहिली.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "दाराआडच हुते मी. तू वळून बघशील, म्हणून उभी हुते."

मी वळले नव्हते. कलबुर्गीची बस गाठायची होती.

मग मीच म्हणाले, हे आता लिहिते. ती सूप पाखडत म्हणाली, "लिव्ह की. पर मला बिचारी करू नको. तुझं सरळ लिव्ह."

तर हे सरळ लिहिलं. तिच्याकडे माफी मागितली नाही, तुमच्याकडेही मागत नाही. आता पुन्हा कुठल्या मुलीनं विचारलं, तुम्ही नाही म्हटल्यावर पुढं काय झालं? – तर सांगेन. माझ्या बहिणीला नववीतून काढलं. तिचं नाव मी सुचवलं होतं.