बोगद्यातून आलेलं ‘भोले’

भूतबित, चकवा, झपाटणं... माझा कशावरच विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. नाशिकला मखमलाबादकडे आमचा फुलांचा मळा आहे. बांधावरच्या चिंचेखाली भर दुपारी बायका थांबत नाहीत, मी तिथेच बसून डबा खाते. पण गेल्या हिवाळ्यात अंदमानला जे झालं ते काही केल्या मनातून जात नाही, म्हणून लिहितेय.

मुलीने हट्टाने तिकिटं काढून दिली होती. मी आणि आमचे हे, दोघंच. एका आडबाजूच्या बेटावर नावाड्याने आम्हाला समुद्राने कोरलेल्या गुहा दाखवायला नेलं. त्यातली एक म्हणजे आरपार बोगदाच — तोंडाशी उभं राहिलं की लांब पलीकडचा उजेड दिसतो. आत डावीकडे एक अंधारा फाटा. नावाडी म्हणाला, "पानी लौटने से पहले निकल आना, काका," आणि होडीकडे गेला.

आता आम्ही पडलो गोदाकाठची माणसं. पाणी वाढणार म्हणजे धरणातून सोडणार, आणि सोडणार म्हणजे आधी भोंगा वाजणार — हेच डोक्यात! भरती अशी गुपचूप येते हे कुणाला ठाऊक? बोगद्यात जेमतेम घोटाभर पाणी होतं. हे म्हणाले, "तू बस गं, मी पलीकडून एक फोटो काढून आलोच." माझे गुडघे दुखतात, मी बसले खडकावर.

बराच वेळ झाला. वाळूत काढून ठेवलेल्या चपला तरंगत माझ्या पायाशी आल्या, तेव्हा मी धडपडत उठले. नावाड्याला हाका मारल्या, पण होडी खडकाआड, लाटांच्या आवाजात त्याला काय ऐकू जाणार! शेवटी पदर खोचला, मोबाईलचा टॉर्च लावला आणि शिरले आत.

यांना नावाने हाक मारायची मला सवय नाही. श्रावणात आम्ही त्र्यंबकला ब्रह्मगिरीची फेरी करतो. पहाटेच्या अंधारात चुकामूक होऊ नये म्हणून एकजण ‘बम बम’ ओरडतो, दुसरा ‘भोले’ म्हणतो. तेच तोंडात आलं.

"बम बम!"

"भोले..."

लगेच. डावीकडच्या फाट्यातून. एवढ्या भीतीतही मला राग आला — घरी दहा हाका मारल्या तरी ओ न देणारा हा माणूस! ‘तिकडे कशाला कडमडलात’ म्हणत मी उजेड सोडून डावीकडे वळले. पाणी मांडीपर्यंत आलेलं. पुन्हा "बम बम", पुन्हा "भोले". दर वेळी जरा जवळून.

हे कोपऱ्यात उताणे पडले होते. कपाळाला खोक, डोळे मिटलेले. पाणी छातीवरून चाललेलं, पण तोंड वर. मानेखाली दगड असेल म्हणून मी हात घातला... दगड नव्हता. नुसतं पाणी. आणि माझा हात लागला तसं ते डोकं एकदम जड होऊन माझ्या तळव्यावर आलं.

मी किंचाळले. सुदैवाने पाणी चढलेलं पाहून नावाडी आम्हाला शोधत आत आलाच होता. दोघांनी मिळून यांना ओढत बाहेर काढलं. आत आणखी कुणी होतं का, मी विचारलं. म्हणाला, "कोई नहीं था, काकी."

होडीत हे शुद्धीवर आले. मी रडत रडत झापलंच, "ओ देत होतात, मग उठता येत नव्हतं का?"

"मी कुठे ओ दिली?" आवाज पार खोल गेला होता. "पाय घसरला, एवढंच आठवतंय. मग तू आलीस आणि माझं डोकं मांडीवर घेऊन बसलीस. किती वेळ बसली होतीस गं?"

मी बसलेच नव्हते हो! पण त्यांचा चेहरा बघून म्हणाले, "बराच वेळ."

भाचा म्हणतो, प्रतिध्वनी. अरे शहाण्या, मी ‘बम बम’ ओरडले तर प्रतिध्वनी ‘भोले’ कसा म्हणेल? डॉक्टर म्हणाले, खाऱ्या पाण्यात माणूस तरंगतो. तरंगत असेल. मग माझा हात लागल्यावर डोकं जड का झालं?

हे मात्र येईल त्याला कौतुकाने सांगतात, "हिने मला मांडीवर घेऊन बुडू दिलं नाही." लोक माझ्याकडे बघतात. मी चहा टाकायला आत जाते... आणि ज्या कुणी माझा माणूस तेवढा वेळ धरून ठेवला, त्याला गॅससमोर उभी राहून हात जोडते.