दरेकशाच्या रस्त्यावर शेवटची सायकल

“प्रतापगडले तिले कायले (कशाला) नेता, काका? घडीघडी मागं पाहा लागते, आहे का गेली.”

आमगावच्या टपरीमागे मी बाटलीत पाणी भरत होते. आवाज रितेशभाऊंचा. गोंदियाहून आम्ही पाच जण सायकलने दरेकशाला निघालो होतो. पुढच्या महिन्यात हेच लोक आमच्याच जिल्ह्यातल्या, पण लांबच्या प्रतापगडला जाणार होते, आणि मला त्यांच्यासोबत जायचं होतं.

“पोरगीत दम आहे,” आमच्यातले वडीलधारे पटलेकाका म्हणाले. “पर मागं पडली तं आवाज नाही देत. आज पाहू, मंग ठरवू.”

मी नळ बंद केला, थोडं थांबून पुढे आले आणि गार झालेला आलूबोंडा खाल्ला.

आकाश सकाळपासून राखाडी होतं. निघताना काकांनी माझी सीट बोटभर वर केली, गिअर हलका ठेवायला सांगितला. “जोर नको लावू, पाय फिरव. अन् समोरच्याच्या चाकामागं राह्य. हवा त्याले खाऊ दे.” रितेशभाऊंच्या चाकाला धरून राहिले की खरंच वारा थांबायचा. एकटीने मी कधीच इतक्या वेगाने गेले नव्हते.

सालेकशापुढे अर्ध्या रस्त्यावर धान वाळत घातलेलं, कडेला दगड मांडलेले. तिथे सगळे ब्रेक लावायचे, आणि धान संपलं की पुढचे एकदम वेग धरायचे. शेवटची असल्याने मला ते उशिरा कळायचं. दोन सायकलींएवढी फट पडली की वारा आत शिरायचा, आणि मग कितीही पाय मारले तरी ती भरून निघत नव्हती.

दरेकशाला पोचले तेव्हा बाकीचे स्टेशनच्या बाकावरून उठायच्या बेतात होते. डोक्यावर सरपण घेतलेली एक म्हातारी माझ्याजवळ थबकली. “एकलीच काऊन (का) वं बाई?” मी नुसती हसले. इंग्रजी शाळेच्या सवयीने सुचलेलं उत्तर इंग्रजीत होतं.

परतताना वारा समोरून होता. ढग उतरले होते, बायका घाईने धान गोळा करत होत्या. कुणी आमच्याकडे पाहिलं नाही. तिथेच पुन्हा फट पडली.

शाळेत बोलायचं असलं की आम्ही हात वर करून थांबायचो. इथे सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे होत्या. ओरडले तर झेपत नाही हे मीच जाहीर करणार, आणि रितेशभाऊंचं म्हणणं खरं ठरणार. गप्प राहिले तर गोंदियापर्यंत एकटी. इतके महिने मी सीट, गिअर, टायरची हवा बघत होते. ती फट मात्र पायांनी भरणारी नव्हती.

पहिल्यांदा तोंडातून “एक्सक्यूज मी” निघालं. ते वाऱ्यानेच नेलं. पुढची चाकं लहान होत चालली होती. मी श्वास घेतला.

“काका, हळू घ्या. मी मागे राहिले.”