मजले मोजणारे कळंबमामा

लिफ्ट सुरू झाली की आमचे लिफ्टमन कळंबमामा मोठ्यानं मजले मोजायचे. "पयला गेला. दुसरा गेला." दारावर आकड्यांचे दिवे लागत, तरीही. फोर्टातली नवीकोरी चौदा मजली इमारत, आत सुटाबुटातले साहेब, आणि स्टुलावर बसलेले हे कर्जतजवळच्या कळंबचे शेतकरी भाताचे भारे मोजावेत तसे मजले मोजतायत. लोक हसायचे. मामा ढिम्म.

मी कर्जतची. सत्तरच्या सुमारास तिथे टायपिस्ट म्हणून लागले. लिफ्टचं दार बंद झालं की माझा जीव घुसमटायचा, म्हणून मी बाराव्या मजल्यापर्यंत जिना चढायचे. पोचेपर्यंत मस्टर साहेबांच्या टेबलावर गेलेलं असायचं. महिनाअखेरपर्यंत हे सुधारलं नाही तर नोकरी कायम होणार नाही, असं त्यांनी बजावलं. घरात मिळवती मी एकटीच. त्या दुपारी जिन्यात बसून मी पोटभर रडले.

बिडी ओढायला आलेल्या मामांनी ते पाहिलं.

"कुनच्या गावची गं तू?"

"कर्जतची," म्हणत मी लिफ्टची भीती, साहेबांची ताकीद सगळं सांगून टाकलं.

"मंग शेजारचीच की. उद्या लिफ्टनं फकस्त पयल्या मजल्यावर चल. वरचा जिना तुजा."

पहिल्या दिवशी एक मजला, दुसऱ्या दिवशी दोन. मधेच लिफ्ट थांबली की साहेबलोक कुरकुरत. "घाई आसंल त्यानं जिन्यानं जावं," मामा समोर बघत म्हणायचे. मग मला, "मोठ्यानं मोज गं. मनात नको." लाजत लाजत मी मोजायचे. बाराव्या दिवशी थेट बाराव्यावर उतरले आणि मस्टरवर वेळेत सही केली. नोकरी टिकली.

भातलावणीला मामा पंधरा दिवस गावी जात. बदलीचा माणूस गप्प बसायचा, आणि बारावा मजला लांब वाटायचा.

पुढे काही वर्षांनी बटणांची लिफ्ट बसली. मामांचं काम संपलं. शेवटच्या संध्याकाळी त्यांनी मला खाली सोडलं, तेव्हा मी विचारलं, "मामा, दिवे होते ना? मग मोजायचात कशाला?"

स्टूल उचलता उचलता ते थांबले. "नाय मोजलं तर काळीज धडधडतं गं. पयल्या दिसापासनं. आता सांगाय हरकत नाय."

"मग सोडली का नाही नोकरी?"

"घरात मिळवता मीच हाय."

इतकी वर्षं हा माणूस भीत भीत आम्हाला वर नेत होता. स्टूल भिंतीशी ठेवून ते गेले.

दुसऱ्या दिवशी मी नव्या लिफ्टचं बटण दाबलं. सगळे गप्प उभे होते. मी मोठ्यानं म्हटलं, "पयला गेला."

मागून एका कुरकुऱ्या साहेबांचा आवाज आला, "दुसरा गेला."