आईची मोपेड बघायला कंपनीचा माणूस आला

मंडळी, आज सकाळी कळसाडीत आमच्या दारात मोपेड बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर आला. लोक गाडी कशी वापरतात, तेवढंच त्याला बघायचं होतं.

आईचा चेहरा उतरला. आमच्याकडे नवी मोपेड शोरूममधून आधी वेल्डरकडे जाते, मग घरी. मागची सीट निघते आणि चाऱ्यासाठी लोखंडी रॅक बसतो. आईने घाईघाईने रॅकवर गोणपाट टाकलं.

त्याने ते उचललं. मला वाटलं, आता वॉरंटीवरून ऐकवणार. हा गडी खाली मातीत बसला आणि टेपने रॅक मोजायला लागला!

"मावशी, चारा लादल्यावर येताना लागला त्या पाटाच्या चढावर गाडी ओढत नाही का?"

"ओढस रे भाऊ. माले तिनी दया येस, म्हनीसन मीच उतरी जास."

गाडीची दया येते म्हणून आईच उतरते, हे ऐकून तो हसला नाही. भारा बांधून स्वतः त्या चढावर गेला. अर्ध्यात तोही उतरला!

परत आल्यावर म्हणाला, "मावशी, आम्ही मागे माणूस बसवून बघतो. चारा बांधून कधी बघितलंच नाही."

गिऱ्हाइकाच्या दारात असं कबूल करणारा कंपनीवाला मी पहिल्यांदाच पाहिला.

तुम्ही तुमच्या गाडीला काय जोडलंय? फोटो टाका. गोणपाट काढून.