व्याह्यांचा अडकलेला उंट

बूचकाकांनी पॅक केलेली वस्तू हलत नाही. काचेचं झुंबर असो की कुणाच्या सासूबाईंचा फ्रेम केलेला फोटो, एकदा त्यांच्या खोक्यात गेला की तो तिथेच जन्मल्यासारखा बसतो. गोदामात ते काचसामानाच्या पॅकिंगवर आहेत. खोका बंद झाला की तो कानाशी धरून हलवायचा, ही त्यांची पद्धत. आत जरा जरी 'खुट्' झालं तर खोका उघडून पुन्हा पहिल्यापासून. नाही झालं तर त्यावर हलकी चापट मारून म्हणतात, "झोप आता." गोदामातल्यांनीच त्यांचं नाव बूचकाका ठेवलं. काकांना ते आवडतं, आणि त्यांना ते आवडतं हे काकूंना आवडत नाही.

माणूस इतका मवाळ की रांगेत कुणी मध्ये घुसलं तर हा स्वतः मागे सरकून त्याला नीट उभं राहू देईल. पण बुद्धिबळाच्या पटाशी बसला की त्याच्यातला पॅकर जागा होतो. इतर लोक समोरच्याचे मोहरे मारायला बसतात. काकांना मारामारीचा कंटाळा. ते मोहरे गुंडाळून ठेवतात. घोडा जिथे उडी मारणार ते घर आधीच अडवायचं, हत्तीची वाट बुजवायची, वजिराला आपल्याच माणसांत घुसमटत ठेवायचं. शेवटी समोरच्याकडे सगळं सैन्य शाबूत असतं, फक्त हलवायला काही उरत नाही. मार खाऊन हरणं माणूस पचवतो. भरल्या घरात कोंडून हरणं पचत नाही.

त्यामुळे एकेक गडी गळत गेला. गोदामाच्या कारकुनाची मान एकाएकी दुखू लागली. वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य, म्हणजे दिवसभर परक्या तोंडात हात घालणारा धीराचा माणूस, तेही "तुमच्याशी खेळलं की मला धाप लागते" म्हणून गेले. सख्खा मेहुणा तर अर्ध्या डावातून पाणी प्यायला उठला आणि ते त्याने आपल्या घरी जाऊन प्यायलं. उरले एकटे व्याही.

व्याही म्हणजे काकांच्या मुलीचे सासरे. सारा जन्म बस चालवली, आता निवृत्त. दर रविवारी दुपारी ते आणि विहीणबाई येतात. बायका आतल्या खोलीत बसून सुनेला आणि जावयाला सारखीच नावं ठेवतात आणि हे दोघे बाहेर पट मांडतात. व्याही नेहमी काळे मोहरे घेतात आणि नेहमी एकच सुरुवात करतात, फ्रेंच बचाव. राजापुढचं प्यादं एकच घर पुढे. सुरुवात जुनी आणि नावाजलेली, पण तिच्यात एक गोम आहे. ते प्यादं आपल्याच एका उंटाच्या तिरक्या वाटेत येतं. मग काका आपलं मधलं प्यादं रेटत नेऊन थेट त्याच्या नाकासमोर ठेवतात. आता ते सरकत नाही आणि मागचा उंट घरातून निघत नाही. त्याच रेट्यात काळ्या घोड्याचं आवडतं घरही जातं. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं.

एका रविवारी व्याह्यांनी पटावरून नजर उचलली. "राग मानू नका. पुढच्या रविवारपासून मी बागेत पत्ते खेळायला जाणार."

"का हो, काय झालं?"

"जन्मभर ट्रॅफिकमध्ये अडकलो. पण तिथे निदान हॉर्न वाजवता यायचा."

काका हसले. पाहुणे गेल्यावर मात्र ते पटाशीच बसून राहिले. काकूंनी कप उचलता उचलता विषय काढला.

"एखाद वेळी त्यांना जिंकू द्यावं माणसाने. मुलीचे सासरे आहेत."

"खेळात तसं नसतं गं."

"मग खेळा भिंतीशी. ती उठून जाणार नाही."

हे काकांना लागलं, कारण ते खरं होतं. व्याही गेले तर पट कपाटावर जाणार आणि तिथून खाली येणार नाही. त्यांनी फोन करून "एक शेवटचा रविवार" मागून घेतला. त्या दिवशी ते सैल खेळले. प्यादी मागे ठेवली, घरं मोकळी सोडली, आणि एक हत्ती तर चक्क उघड्यावर नेऊन बसवला.

व्याह्यांनी हत्तीकडे बघितलं, मग काकांकडे. "हे काय?"

"नजरचूक झाली वाटतं."

"तुमची? बंद खोका कानाला लावणाऱ्या माणसाची?" व्याह्यांनी खुर्ची मागे सारली. "बसमध्ये आजाऱ्याला उठून जागा देतात. मी आजारी दिसतो का तुम्हाला?"



"चुकलं," काका म्हणाले.

"मांडा परत. आणि नीट खेळा, नाहीतर आत्ताच निघतो."

काका नीट खेळले. म्हणजे गच्च. थोड्याच वेळात पट पूर्वीसारखा पॅक झाला आणि व्याह्यांचा उंट पूर्वीसारखा घरी. आजवर व्याही अशा वेळी काकांच्या सैन्यात फट शोधत. पण अपमानाने त्यांचं डोकं थंड झालं होतं. गाडी पुढे अडली की ड्रायव्हर आरशात मागे बघतो, तसं त्यांनी पहिल्यांदाच आपल्या मागच्या रांगेकडे बघितलं. मग वजिराच्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं एकच घर सरकवलं आणि उंट त्याने मोकळ्या झालेल्या मागच्या गल्लीतून पटाच्या कडेला आणून उभा केला, थेट काकांच्या उंटासमोर.

काकांनी बराच विचार करून तो मारला. व्याह्यांनी लगेच घोड्याने काकांचा उंट उचलला.

"मेला की तुमचा उंट," काका म्हणाले.

"मेला तर मेला. घराबाहेर पडून मेला."

डाव शेवटी काकांनीच जिंकला. पण दुसऱ्या दिवशी विहीणबाईंनी काकूंना फोनवर सांगितलं, की घरी जाताना हे सगळ्या वाटेत उंटाबद्दलच बोलत होते. कोण जिंकलं ते व्याह्यांनी सांगितलं नाही, आणि विहीणबाईंनाही विचारायचं सुचलं नाही.

पुढच्या रविवारी व्याही आले. बागेचा विषय कुणी काढला नाही. काकांनी आठवडाभर त्या गल्लीचा विचार केला होता. ती उघडी सोडायची तर पुन्हा ती दयाच, आणि बंद करायची तर हा माणूस उठून जाणार. काकूंनी आणून ठेवलेला चहा निवून गेला. शेवटी काकांनी त्या बाजूचं एक प्यादं इतकं पुढे नेलं, की कडेच्या त्या घरावर त्याचा मारा बसला. उंटाने तिथे पाय ठेवला की गेला.

व्याह्यांनी खेळी पाहिली. खुर्ची थोडी करकरली. काकू दारातच थांबल्या.

"ही गल्ली बुजवलीत का," व्याही म्हणाले. "बरं."

मग त्यांनी पाय टेबलाखाली लांब केले, निवलेला चहा एका घोटात संपवला आणि पटाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन, राजाशेजारच्या उंटापुढच्या प्याद्याने काकांच्या लाडक्या मधल्या प्याद्याला ढुशी दिली.

"वहिनी, अजून थोडा टाका. आज वेळ लागेल."